न विचारता केलेलं केशकर्तन

गाडी लागू नये म्हणून कानामागे चिकटवायची जी औषधी पट्टी मिळते, ती एकाच कानामागे लावायची असते. तसं पाकिटावर छापलेलं असतं. मी पाकीट वाचलं नाही, आणि पुढे जे रामायण घडलं त्याचा सगळा दोष मी दोन आठवडे त्या पट्टीवर ढकलून पाहिला. पण आमच्या घरात ते कोणी ऐकून घेत नाही, म्हणून आता खरं काय ते सांगून टाकतो. घोटाळा पट्टीमुळे झाला नाही. मी विमानतळावर एक बारीकसा निर्णय घेतला, त्यामुळे झाला. मी ठरवलं, विचारायचं नाही.

मी किम ब्योंग-थे. दक्षिण कोरियात सांगजूजवळ एका लहानशा सरकारी कचेरीत मी दाखले देतो. माणूस जन्मल्याचा दाखला, राहत असल्याचा दाखला, गेल्याचा दाखला. चर्चमध्ये मी डीकन, म्हणजे बिनपगारी सेवक आहे; दर जानेवारीत नेमतात आणि डिसेंबरपर्यंत विसरून जातात तसल्यापैकी. आमच्या चर्चमध्ये कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. आडनाव आणि हुद्दा: किम डीकन, ली एल्डर, संपलं. आता आमच्या देशात किमांना तोटा नाही आणि चर्चमध्ये डीकनांना तोटा नाही. त्यामुळे रविवारी कोणी ‘किम डीकन!’ अशी हाक मारली की निम्मे पुरुष मागे वळून बघतात. ज्याच्याकडे काम असेल तो ओळखतो आणि बाकीचे पुन्हा गाऊ लागतात.

हे असं ओळखणं म्हणजेच नुन्ची. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, खोलीतल्या हवेवरून, तोंड न उघडता सगळं जाणून घेणं, याला आमच्याकडे फार मान आहे. ज्याला नुन्ची नाही तो माणूस वाया गेला असं धरतात. माझ्याकडे ती रगड आहे असं माझं मत होतं. (बायकोचं मत वेगळं होतं, पण तेही मी न विचारताच ओळखलं होतं.)

आता मनातलं सांगतो. आमच्या चर्चने जानेवारीत दहा दिवसांचा सेवादौरा कंबोडियात काढला, त्यात मी नाव घातलं ते निव्वळ देवासाठी नव्हे. माझी मुलगी दासोल पंधरा वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं बंद झालं. काही हवं असलं की ती आईला सांगायची, आई मला सांगायची, मी आईला उत्तर द्यायचो आणि आई ते तिला पोचवायची. सगळी मधली माणसं एकाच जेवणाच्या टेबलाशी बसलेली. तिच्या कानात सदा त्या गाण्याच्या गोळ्या. दोन वर्षांत तिने मला ‘बाबा’ म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नाही, आणि रात्री पडल्या पडल्या मी ते पुष्कळदा आठवून पाहिलेलं आहे. मला वाटलं, परदेशात जाऊ, तिथे चार माणसं आपल्याला मान देतील, ती ते पाहील आणि एखाद वेळेस ‘बाबा’ म्हणेल. मला एवढंच हवं होतं.

चर्चची सतरा माणसं तीन दिवस आधीच जाऊन पोचली होती. मला रजा उशिरा मिळाली म्हणून आम्ही चौघं मागून निघालो. मी, दासोलची आई, दासोल आणि माझ्या सासूबाई. दौऱ्याचे प्रमुख ली एल्डर मला फोनवर म्हणाले, “किम डीकन, तुमचं काम ठरलंय. आलात की कळेलच.” काय काम, ते मी विचारलं नाही. आलो की कळणारच होतं.

मला गाडी लागते, बोट लागते, एकदा लिफ्टही लागलेली आहे. म्हणून निघताना बायकोने माझ्या डाव्या कानामागे पट्टी चिकटवली. विमानात बसल्यावर माझ्या मनात आलं, एका कानाची सोय झाली, दुसऱ्याचं काय? मी उजव्या कानामागेही एक लावून टाकली.

त्यानंतर जग फार छान झालं. वस्तूंच्या कडा विरघळल्या. हवाई सुंदरीने पाणी दिलं तेव्हा ते पाणी कितीतरी वेळ माझ्याकडे येतच राहिलं. खिडकीबाहेर ढगांची शेतं लागली, त्यात कोणीतरी पेरणी करून गेलं असावं असं वाटलं. एक विशेष लक्षात आलं: जवळचं सगळं धूसर दिसत होतं आणि लांबचं मात्र लख्ख. हातातला चमचा दिसेना, पण पुढून अकराव्या रांगेतल्या माणसाच्या मानेवरचा तीळ दिसत होता. मला वाटलं, देव आपल्याला दूरदृष्टी देतोय.

सकाळी आम्ही सिएम रीपला उतरलो. सांगजूत बर्फ होतं म्हणून आमच्या अंगात घोट्यापर्यंत लोळणारे फुगीर कोट, आणि बाहेर बत्तीस डिग्री ऊन. कोटावरून सेवेचं पिवळं जाकीट. आता जानेवारीत आमच्याकडची अर्धी चर्चं सेवादौऱ्यावर निघतात आणि पिवळा रंग सगळ्यांनाच आवडतो. त्यामुळे सामानाच्या पट्ट्याभोवती पन्नास-साठ पिवळी माणसं किमचीचे, म्हणजे आमच्या कोबीच्या उग्र लोणच्याचे, खोके ओढत उभी होती. बाहेर आलो तर एक सावळा, हसतमुख कंबोडियन गृहस्थ पाटी धरून उभा. पाटीवर आमच्या भाषेत ठळक अक्षरात लिहिलेलं: ‘स्वागत! किम डीकन आणि कुटुंब’. खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. पण बारीक अक्षरांत कधीच कामाचं काही नसतं, असा माझा बावीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. (आमचे अर्ज छापतो आम्हीच.)

“अहो,” दासोलची आई म्हणाली, “कोणत्या चर्चकडून आलात ते विचारा की त्यांना.”

“विचारायचं काय त्यात? किम लिहिलंय. डीकन लिहिलंय. कुटुंब लिहिलंय. आणखी काय माझा फोटो लावायला हवा होता?”

“विचारलं तर काय जीभ झिजेल?”

“बिचारा उन्हात उभा आहे. त्याला वाटेल आपला विश्वास नाही. जरा नुन्ची ठेव.”

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी दासोलकडे बघितलं. दासोलने पाटीकडे बघितलं. मला वाटलं, तिघी प्रवासाने दमल्या आहेत.

त्या गृहस्थाचं नाव वुथी. त्याने आम्हाला गाडीत घातलं. वाटेत कमळांची तळी लागली, ताडाची झाडं लागली, आणि पांढऱ्या बैलांच्या पाठीवर पांढरे बगळे बसलेले दिसले. मला एकेक पीस मोजता येत होतं. मग रस्ता संपला आणि पाणी लागलं. वुथीने सामान एका लांबट होडीत चढवलं. ली एल्डरांनी मला ‘शाळेच्या पटांगणात मुक्काम आहे’ असं सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, पटांगण पाण्याखाली गेलं असणार. बिचारी पोरं.

तोन्ले सापचं तळं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं ते असं, की पाहिलं का स्वप्नात आलं हे अजून मला नक्की सांगता येत नाही. पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहाचा. त्यावर घरं तरंगत होती, निळी, हिरवी. एक दुकान तरंगत होतं. एक डुकरांचा गोठा तरंगत आमच्या बाजूने गेला आणि डुकरांनी आमच्याकडे पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं. एक बाई आपल्या घराच्या दारातून हात लांब करून शेजारणीच्या घरातली मिरची घेत होती. कुठे घाई नाही, कुठे आवाज नाही. मला वाटलं, मरण आलं आणि ते असं असलं तर माझी काही तक्रार नाही.

सगळ्यांच्या मध्ये एक निळं चर्च तरंगत होतं. पत्र्याचं छप्पर, त्यावर क्रूस, पुढे ओसरी. ओसरीवर प्यो पाळकसाहेब उभे होते. वीस वर्षं तळ्यावर राहून त्यांचा रंग वुथीसारखा झालेला, केस कानांवर उतरलेले, पण वाकून नमस्कार करायची पद्धत आमचीच.

“या, या, किम डीकनसाहेब! किती वाट बघितली तुमची!”

माझी इतकी वाट आजवर कोणी पाहिलेली नव्हती. मी तिरक्या नजरेने दासोलकडे पाहिलं. ती लांबच्या कठड्याशी टेकून उभी होती, त्यामुळे मला स्पष्ट दिसली. तिने एका कानातली गोळी काढली होती.

आमच्या रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांनी मिळून मोठ्याने प्रार्थना केली. हात वर करून तीनदा ‘प्रभू!’ अशी आरोळी ठोकायची आणि मग प्रत्येकाने आपापलं गाऱ्हाणं एकदम, जमेल तितक्या मोठ्याने मांडायचं. सासूबाई या कामात पटाईत आहेत. पलीकडच्या झाडीतून शे-दीडशे बगळे उडाले. मीही मागणं मागितलं, एकाच शब्दाचं.

“बाकीची मंडळी कुठे आहेत?” प्रार्थना संपल्यावर बायकोने मला हळूच विचारलं.

“घरोघर भेटी द्यायला गेली असतील.”

“पोहत?”



तेवढ्यात पाळकसाहेबांनी एक पांढरा अंगरखा आणला आणि माझ्या अंगात चढवला. मग एक डबा उघडून माझ्यापुढे धरला. डब्यात कात्र्या, कंगवे, एक वस्तरा आणि केस कापायचं एक मशीन.

“डीकनसाहेब, तुमच्यासमोर आम्ही काय बोलणार! सगळं तुमच्या हाताखालचं. लोक पहाटेपासून येऊन थांबलेत.”

मी ओसरीच्या कडेला पाहिलं. एकीला एक बांधलेल्या वीसेक होड्या, आणि होड्यांत आजोबा, आज्या, बायाबापड्या बसलेले, सगळ्यांची वाढलेली डोकी माझ्याकडे वळलेली. तर हे होतं आपलं ठरलेलं काम! मी आयुष्यात स्वतःच्या नाकातला केससुद्धा नीट कापलेला नाही. अगदी ओठांवर आलं होतं, की साहेब, काहीतरी चुकतंय. पण पाळकसाहेबांचा चेहरा इतका आनंदी होता, आणि आमचे सांगजूचे पाळक दर रविवारी सांगतात की न येणारंच काम अंगावर टाकायचं ही देवाची जुनी सवय आहे. शिवाय लांब कठड्याशी दासोल. तिने दुसऱ्या कानातलीही गोळी काढली.

मी कात्री उचलली.

पहिला नंबर सारोउन आजोबांचा. ऐंशीचे असतील, मासे धरण्यात जन्म गेलेला. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मांजरासारखे निवांत झाले. मी जवळ गेलो आणि ते नाहीसे झाले. म्हणजे होते तिथेच, पण माझ्या दृष्टीने खुर्चीत एक राखाडी ढग उरला होता. मी मागे सरकलो. ढगाचे आजोबा झाले. पण आता हात पुरेना. शेवटी हात ताठ लांब करून, मान मागे टाकून, जसा जमेल तसा मी सुरू झालो. कच, कच. आवाज फार गोड होता. पाण्यावर केस पडत होते आणि वाहत जात होते. खाली मासे यायचे, एक केस चाखायचे आणि परत जायचे.

“जावईबापू,” सासूबाई बाजूला येऊन म्हणाल्या, “तो कान आहे.”

“माहितीय मला.”

“मग सोडा की तो.”

मी सोडला. आजोबांनी डोळे उघडून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि भाषांतर केलं, “ते म्हणतायत… हलकं वाटतंय.”

आजोबांनी गळ्यातला चौकडीचा गमछा काढून डोक्याला घट्ट गुंडाळला, मला दोन्ही हात जोडले आणि होडीत जाऊन बसले. मी ओळखलं, इकडे केस कापल्यावर डोकं झाकायची रीत असणार.

दुसरेही आजोबाच होते. त्यांचं झाल्यावर पाळकसाहेब माझ्या कानाशी आले. “साहेब, ही… हल्ली आपल्याकडे अशी फॅशन आहे का?”

“हो हो,” मी म्हणालो.

“एका बाजूला जंगल आणि एका बाजूला…”

“तेच ते.”

पाळकसाहेबांचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. मग ते फोन घेऊन घाईघाईने मागच्या बाजूला गेले आणि पुष्कळ वेळ कोणाशीतरी हळू आवाजात बोलत राहिले. माणूस भारावून गेला की त्याला कोणाला तरी सांगावंसं वाटतं, हे मी न विचारता ओळखलं.

तिसरं डोकं चान्थामावशींचं. त्यांना नुसती टोकं कापून हवी होती. चौथा माणूस दाढी करायची म्हणून आला होता, तो माझ्या हातात वस्तरा बघून केस कापायला तयार झाला. सासूबाई आता माझ्या शेजारीच उभ्या राहिल्या आणि होडी वल्हवल्यासारख्या सूचना देऊ लागल्या, “डावीकडे. आणखी डावीकडे. थांबा. आता जे केलंत ते उजवीकडेही करा, नाहीतर माणूस कलंडेल.” प्रत्येकजण आरशात बघायचा, हसायचा, गमछा बांधायचा, हात जोडायचा. एकानेही कुरकुर केली नाही. रांगेतल्या लोकांना दिसायचे ते फक्त गमछे. आणि लांबून दासोल माझ्याकडे बघत होती. मधेच तिने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलत होते. पोरीला गहिवरून आलं, असं माझ्या मनात आलं आणि माझाही हात थरथरला. (तो पाचव्या गृहस्थाचा नंबर होता. त्यांची मी इथे पुन्हा एकदा माफी मागतो.)

दुपारी भात आणि आंबट माशाची आमटी झाली. सासूबाईंनी किमची काढली, तळ्याने नाकाला पदर लावला. जेवण झाल्यावर मी ओसरीवर भिंतीला टेकून बसलो. ऊन पाण्यावर पसरलेलं, कुठेतरी रेडिओवर एक बाई हळू हळू गात होती. माझा जरा डोळा लागला. डोळा उघडला तर समोरचं हिरवं घर नव्हतं. तिथे एक झाड होतं. मी बघत असताना ते झाडही निघून गेलं.

“जावईबापू,” शेजारून सासूबाई म्हणाल्या, “चर्च चाललंय.”

“औषधामुळे तसं वाटतं, आई. मलाही दिसतंय.”

“पट्टी तुमच्या कानामागे आहे. मग मला का दिसतंय?”

खरी गोष्ट अशी, की चर्च चाललंच होतं. जानेवारीत तळ्याचं पाणी उतरायला लागलं की सगळं गाव हळूहळू खोल पाण्याकडे सरकतं. दोन मोटरबोटी पुढे लावायच्या आणि घरं ओढून न्यायची. पाळकसाहेबांनी ते सकाळीच सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. पुढे चर्च, आणि चर्चला बांधलेली रांग मागोमाग. ज्यांचे केस व्हायचे होते ते आपापल्या होडीत बसून, आपण काही न करता, माझ्या मागे ओढले जात होते. तेरा होड्या. पाळकसाहेब त्यांच्याकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. लोक किती ओढीने आलेत हे त्यांना दाखवायचं असावं.

मी उठलो, अंगरखा सारखा केला आणि खुर्चीशी जाऊन उभा राहिलो. आता संध्याकाळचं ऊन सोनेरी झालं होतं. सगळं तळं सरकत होतं, ढगही सरकत होते, आणि मधोमध मी, हातात कात्री. मला भरून आलं. मी जन्मभर दाखल्यांवर शिक्के मारले, पण इतकी माणसं माझ्यासाठी कधी थांबली नाहीत. मला खरंच वाटलं, की आज आपण कोणीतरी आहोत.

“बाबा.”

मला वाटलं, पट्टी बोलली.

“बाबा, इकडे.”

दासोल माझ्या समोर उभी होती. इतकी जवळ, की धूसर झाली होती. दोन वर्षं मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला, आणि तो बोलणाऱ्या तोंडाच्या जागी मला एक गोरा ढग दिसत होता. मी दोन पावलं मागे सरलो, म्हणजे ती दिसेल.

“बाबा, आपण चुकीच्या चर्चमध्ये आलोय.”

“काय?”

“त्या पाटीवर खाली दुसऱ्याच चर्चचं नाव होतं. दुसऱ्या गावाचं. हे दुसऱ्या किम डीकनची वाट बघत होते. त्यांचं केस कापायचं दुकान आहे. ते पण आपल्याच विमानात होते.”

मी खुर्चीच्या पाठीला धरलं. “तुला कधी कळलं?”

“विमानतळावर. पाटी वाचली की मी.”

“आणि आईला?”

“आईने पण वाचली. आजीने चष्मा लावून वाचली. आई म्हणाली, गप्प बसा, बघू किती वेळ विचारत नाहीत. आजी म्हणाली होती, जेवणापर्यंत विचारतील. आई म्हणाली, संध्याकाळपर्यंत.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, बाबा इथे दुसरं लग्न करतील, म्हातारे होतील, पण विचारणार नाहीत.” तिने खुर्चीवरचे केस झटकले. “पण हे केस कापायला लावतील हे आम्हाला काय माहीत! सुरू झाल्यावर थांबवायची हिंमत होईना. तुम्ही इतके खूश दिसत होतात.”

“पाळकसाहेब?”

“त्यांना दुसऱ्या आजोबांच्या वेळी कळलं. त्यांनी फोन करून शोधून काढलं. आता ते खरे किम डीकन इकडे यायला निघालेत. तुम्हाला कसं सांगावं ते पाळकसाहेबांना समजेना, म्हणून त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, मी नाही सांगणार. आजी म्हणाली, मी तर मुळीच नाही.”

म्हणजे तळ्यावरच्या सगळ्या माणसांनी माझ्यासमोर नुन्ची ठेवली होती. कदाचित डुकरांनीसुद्धा.

“आणि ते किम डीकन दिवसभर कुठे होते?”

“आपल्या लोकांकडे. ली एल्डरांनी त्यांना तुमचं काम दिलं.”

“माझं काम कोणतं होतं?” मी विचारलं. बायको तीन दिवस हेच मला विचारायला सांगत होती.

“नाटकात झाड. नुसतं उभं राहायचं होतं. फार छान केलं म्हणे त्यांनी.”

मी कात्री खाली ठेवायला गेलो. वाटलं, आता या तळ्याच्या तळाशी जाऊन बसावं. मुलीने मान मिळताना बघावं म्हणून इतक्या लांब आलो, आणि तिने काय बघितलं? सात बिचारी डोकी. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर तितकाच आनंदही होत होता, कारण ती बोलत होती, माझ्याशी, मधे आई नाही, आजी नाही, आणि कानांत काही नाही.

तेवढ्यात दासोल पुढे झाली आणि खुर्चीत बसली. पांढरा कपडा तिने स्वतःच गळ्याभोवती बांधून घेतला. दोन वर्षांपासून वाढवलेले तिचे केस कमरेपर्यंत आले आहेत. त्यांना आईचाही हात लागू देत नाही ती.

“दासोल, नको,” मी म्हणालो. “मला जवळचं दिसत नाहीये. मी दोन पट्ट्या लावल्यात.”

“ते पण सगळ्यांना माहितीय. कान आहेत ना तुम्हाला, मागच्या पट्ट्या दिसतात.”

“मग तू माझ्या हाताखाली बसलीस? तुला भीती नाही वाटत?”

“बाबा, कापायचे नाहीयेत. कात्री नुसती हवेत वाजवत राहा.”

“ते कशाला?”

“मी खुर्चीत आहे तोवर पुढचा नंबर लागत नाही ना. ते लोक दुपारपासून घाबरून बसलेत. तुम्हाला नाही म्हणायची त्यांना लाज वाटतेय. तेवढ्यात सुटतील बिचारे.”

मी कात्री उचलली आणि तिच्या डोक्यापासून वीतभर वर हवेत चालवू लागलो. कच, कच, कच. समोर तळं सोन्यासारखं पसरलेलं, आणि लांबचं मला फार छान दिसत होतं. पहिल्या होडीतल्या माणसाने दोरीची गाठ सोडली आणि वल्हं पाण्यात असं घातलं की थेंबही वाजला नाही. दुसरी सुटली. तिसरीतल्या बाईने दोन्ही हातांनी आपला अंबाडा धरून ठेवला होता आणि नवरा वल्हवत होता. एकेक होडी उजेडात शिरत होती आणि लहान होत जात होती. कोणी मागे वळून बघत नव्हतं. इतकं सुंदर दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते सगळे माझ्यापासून पळत होते. माझा हात थांबला.

“बाबा, थांबू नका,” दासोल मान न हलवता म्हणाली. “अजून एक होडी सुटायचीय.”

“कोणाची?” मी विचारलं.

“पाळकसाहेबांची.”